दिनविशेषाचा फळा

पूर्णेला आमच्या शाळेच्या दारात दिनविशेषाचा फळा होता. हेडमास्तरांचा दंडक असा, की रोज त्यावर एक जन्म, एक मृत्यू आणि एक सांस्कृतिक घटना आलीच पाहिजे. जुन्या पुस्तकातून हे उतरवायचं काम, अक्षर बरं म्हणून, सातवीत माझ्या गळ्यात पडलं. पुस्तकाची बरीच पानं उंदरांनी खाल्ली होती. ज्या तारखेचं पान नसे, तिला मी शेजारच्या पानावरचा माणूस घेई. त्यामुळं एक थोर पुरुष त्या वर्षी दोनदा वारले. घटना सापडली नाही की 'गावात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला' असं लिहून मोकळी होई. कुणी हरकत घेतली नाही.

आदल्या वर्षी आईला मुलगा झाला होता. सकाळी झाला, दिवस मावळायच्या आत गेला. बारसं झालं नव्हतं म्हणून नाव नाही, नाव नाही म्हणून घरात त्याचा विषयही नाही. लेकरं किती, असं आईला कुणी विचारलं की रेल्वे क्वार्टरातल्या बायकाच परस्पर 'दोन' सांगून टाकत. मला त्या बायकांचा भयंकर राग यायचा.

ती तारीख आली. पुस्तकात तिचं पान धडधाकट होतं, चांगले तीन थोर पुरुष हजर होते. मी तिघांनाही वगळलं आणि लिहिलं, 'जन्म : एक मुलगा. मृत्यू : तोच.' घटनेची जागा कोरी ठेवली.

हेडमास्तरांनी नाव विचारलं. नाव नाही, माझा भाऊ होता, असं मी सांगितलं. नावाशिवाय माणूस फळ्यावर येत नाही, असं ते म्हणाले. डस्टर उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि आत निघून गेले.

दुपारच्या सुट्टीत आई आली. कुणीतरी तिला सांगितलंच होतं. तिला वाचता येत नव्हतं. काय लिहिलंय ते वाच म्हणाली. मी वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं.

"अन् कुनाला झाला, ते न्हाई लिव्हलं व्हय?"

मी खडू घेतला आणि खाली तिचं नाव लिहिलं. त्या फळ्यावर कुणाची आई लिहिलेली मी तेवढीच पाहिली.