बिल्ल्याएवढी फट

येसूकाका कुणाच्याही घरी गेले की आधी उंबऱ्याशी वाकत. नवख्याला वाटे, माणूस भाविक आहे. प्रत्यक्षात ते खिशातलं दाभण काढून चौकटीच्या बुडाला टोचून बघत असत. दाभण आत गेलं की घरमालकाला ऐकवत, "लाकूड वरून हसतं, खालून रडतं." मुलासाठी नया बाजार मोहल्ल्यात मुलगी बघायला गेले तेव्हाही त्यांनी हेच केलं. चहा यायच्या आत त्यांनी वधुपित्याला सांगून टाकलं की मुलगी पसंत आहे, पण ही चौकट लग्नाआधी बदला. लग्न झालं, आणि चौकट काकांनीच बदलून दिली.

यशवंतराव भोईटे हे त्यांचं पूर्ण नाव. ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. पूर्वज दख्खनेतून घोड्यावर आले होते. काकांच्या हाती तलवारीऐवजी रंधा आला, ताठा मात्र तोच राहिला. संस्थानच्या सुतारखान्यात ते हेडमिस्त्री होते आणि छातीवर सुतारखान्याचा जाड पितळी बिल्ला लावत. पुढे संस्थान मध्य भारतात विलीन झालं, मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात गेला, राजधानी भोपाळला गेली आणि सुतारखान्याला कुलूप लागलं. जुने बिल्ले जमा करा, असा हुकूम निघाला. सगळ्यांनी मुकाट्याने दिले. काका म्हणाले, "याचं काम अजून बाकी आहे. झालं की देईन."

त्याच सुमारास त्यांची पचमढीला रवानगी झाली. मी बांधकाम खात्यात नवा सब-ओव्हरसियर होतो, मलाही तिथेच धाडलं. सरकारी विश्रामगृहाच्या मागे, उताराच्या कडेला, खांबांवर एक लांबरुंद लाकडी सज्जा उभारायचा होता. पावसाळ्याआधी बडे पाहुणे यायचे होते, त्यामुळे खात्याच्या साहेबांना घाई होती.

सागवानाच्या फळ्या आल्या आणि काकांनी कामच थांबवलं. सावलीत थर लावले, दोन थरांमध्ये पट्ट्या ठेवल्या, आणि बारा दिवस कुणाला हात लावू दिला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "पाहुण्याला आल्याआल्या कामाला जुंपतात का रे? इथली हवा त्याला पिऊ दे. हे आपलं ग्वाल्हेरचं लष्कर नाही. तिकडे लाकूड उन्हाने सुकून मरतं, इथे पाण्याने फुगून."

मग काम सुरू झालं. खांब त्यांनी जमिनीत गाडले नाहीत, वीतभर उंच घडीव दगडांवर बसवले. प्रत्येक फळीची टोकं कढत अळशीच्या तेलात बुडवली. लोखंडी खिळा एकही नाही, सगळे पितळी स्क्रू. आणि दोन फळ्यांमध्ये फट. फट मोजायला ते छातीवरचा बिल्ला काढत, दोन फळ्यांच्या मध्ये उभा धरत, फळी ठोकून त्याला भिडवत आणि बिल्ला ओढून घेत. मला ते आवडलं नव्हतं. डिप्लोमा ताजा होता. घट्ट सांधा म्हणजे चांगलं काम, एवढंच मला ठाऊक होतं.

साहेब दौऱ्यावरून परतले आणि त्यांनी फटीत छत्रीचं टोक घालून पाहिलं. "मिस्त्री, ये दरारें क्यों छोड़ी हैं? मेमसाहब लोगों की एड़ी फँसेगी. सब उखाड़ो, सटाकर लगाओ."

"एड़ी निकल आएगी साहब," काका म्हणाले, "पानी नहीं निकलेगा."

त्या दिवसांत जुन्या राज्यांतल्या नोकरांची नव्या राज्यात कुठल्या पदावर वर्णी लावायची, याच्या याद्या बनत होत्या. काकांजवळ कसलंच प्रमाणपत्र नव्हतं. हेडमिस्त्री राहणार की साधा सुतार होणार, हे साहेबांच्या शेऱ्यावर होतं. साहेबांनी तसं स्पष्ट बजावलं. काका हत्यारांच्या पेटीवर बसून राहिले. "जे लिहायचं ते लिहा. या हातांनी ही फट बुजणार नाही."

लिहायचं काम माझ्याकडे आलं. 'मिस्त्रीने हुकूम मोडला' असं लिहून मी खाली सही केली. नोकरी नवी होती, मी भ्यालो. संध्याकाळी जाऊन काकांना सांगितलं. ते हसले. "खरंच लिहिलंस ना? मोडलाच मी. खोटं लिहिलं असतंस तर कान उपटला असता." त्यांनी कान उपटला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

ग्वाल्हेरहून काकांबरोबर आलेल्या पाचही सुतारांनी हत्यारं खाली ठेवली. पाहुणे चार दिवसांवर आले होते, नवे सुतार आणणार कुठून? शेवटी फटींवर सतरंजी अंथरली गेली. पाहुण्यांची मोटर वळणाआड जाताच काकांनी ती ओढून काढली.

यादी आली. यशवंतराव भोईटे, सुतार. लोक म्हणाले, अपील करा. काका म्हणाले, "केलंय ना. पावसाकडे. तिथे सुनवाई दर साल होते."

साहेबांनी ठेकेदाराकडून पुढच्या बाजूला दुसरा सज्जा घट्ट सांध्यांचा करून घेतला होता. तिसऱ्या पावसाळ्यात त्याच्या फळ्या फुगून उचलल्या आणि खांब बुडातून कुजले. तो पाडावा लागला. काकांचं पद मात्र कुणी परत केलं नाही. ते निवृत्त झाले ते सुतार म्हणूनच. बिल्ला जमा करण्याबद्दल खात्याची स्मरणपत्रं तोवर येतच राहिली. दरवेळी काका एकच ओळ लिहून पाठवत, 'बिल्ला सरकारजमा केला आहे.' कुठल्याच रजिस्टरात त्याची नोंद नव्हती.

काका गेल्यावर त्यांचं दाभण सूनबाईंनी मला दिलं. त्याच त्या, चौकटीवाल्या. मीही निवृत्त झालो तेव्हा ते घेऊन पचमढीला गेलो. सज्जा उभा होता. गुडघे दुखत होते तरी एकेका खांबाशी वाकलो आणि दाभण टोचलं. एकाही ठिकाणी आत गेलं नाही. उताराकडच्या शेवटच्या तुळईखाली डोकं घातलं, तर तिथे लाकडात कोरून, चार स्क्रूंनी पक्का बसवलेला तो पितळी बिल्ला होता. हिरवा पडला होता, पण सुतारखान्याचं नाव वाचता येत होतं.

चौकीदार माझ्याकडे बघत उभा होता. "बाबूजी, ये किसने बनाया था?"

"यशवंतराव भोईटे ने," मी म्हणालो. "ग्वालियर के थे. हेडमिस्त्री."