कुसळाची बाजरी

तिसगावच्या अलीकडे, माळाच्या उतारावर कडूबाईचं तीन एकरांचं वावर होतं. वावर तसं बरं, पण वावराची मालकीण वांझ. हे गावाचं म्हणणं, आणि गावाला एकदा काही म्हणायची सवय लागली की ती सुटत नाही. तिचा नवरा सहादेव छत्तीस साली पटकीनं गेला. तेव्हापासून कडूबाई एकटीच रांधायची, एकटीच जेवायची, आणि आठ-आठ दिवस कुणी बोललं नाही की चुलीला चार शब्द ऐकवायची.

त्या भागात पेरणीच्या दिवशी पाभरीच्या चाड्यावर मूठ धरायला, म्हणजे बी सोडायला, लेकुरवाळी बाई लागायची. बी जमिनीत पडतं ते भरल्या हातातून पडावं, अशी रीत. वांझेच्या हातचं बी तर कुणी घरातसुद्धा आणत नसे. लोक कडूबाईकडून मीठ नेत, विस्तव नेत, ताक तर हक्कानं मागून नेत. बी तेवढं नेत नसत. तिच्या वावरात तीच मूठ धरायची, तेव्हा काही उगवणार नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. बाजरी मात्र उगवत राहिली. तिला कुणी कळवलंच नव्हतं.

अडचण होती ती राखणीची. दाणा भरायच्या दिवसांत माळ्यावर बसून दिवसभर गोफण फिरवायला माणूस लागतं. कडूबाई नेमकी त्याच दिवसांत दुसऱ्यांच्या वावरात रोजानं खुरपायला जायची, नाहीतर खाणार काय? तिचा माळा रिकामाच असे. पाखरांना एवढं पुरे. कणसंच्या कणसं ती सोलून टाकत. पण शंभरांत चार-सहा कणसं लांब कुसळांची निघायची. चोच घालावी तर कुसळं डोळ्यांत टोचायची, म्हणून पाखरं ती सोडून देत. उरेल ते कडूबाई खाई, आणि त्यातलंच पुढच्या सालाला बी म्हणून ठेवी. दुसरं आणणार कुठून? सात-आठ वर्षांत तिचं सगळं वावर कुसळाचं झालं. तिनं जाणूनबुजून काही केलं नव्हतं. राखायला माणूस नव्हतं, एवढंच.

गाव हसायचं. 'कडूची दाढीवाली बाजरी' म्हणायचं. मळताना अंगाची खाज खाज होते म्हणून नाकं मुरडायचं. कडूबाईला त्याचं काही वाटत नसे. तिला एकच गोष्ट खात होती. आपण मेलो की हे बी कुणी घेणार नाही, घरातल्या गाडग्यात किडून जाईल, आणि आपण इथं होतो याची एवढी एक खूण, तीही राहणार नाही.

त्रेचाळीस साली कारभारीनं बोंब ठोकली. हा सहादेवाचा चुलतभाऊ, बांधाला बांध लागून त्याचं वावर. त्याच्या बाजरीत कुसळाची कणसं निघाली. तीही बांधाकडेला नाही, ऐन वावराच्या मधोमध, इथं एक, तिथं दोन.

"हिनंच बी टाकलं," तो चावडीवर ओरडला. "वांझ हाय, माजं वावरबी वांझ करायला निगालीय. करनी हाय ही!"

"म्या तुमच्या बांधावर पाय न्हाई ठेवला, भावजी," कडूबाई म्हणाली. पण एकट्या बाईचं म्हणणं ऐकायला चावडी बसवलेली नसते.

चावडीबाहेर लिंबाखाली याकोब मास्तर उभे होते. मिशनच्या शाळेवर ते निसर्गाचे धडे शिकवायचे. त्यांनी सांगून पाहिलं, की हे काम वाऱ्याचं आहे, दोन वावरांचा फुलोरा वाऱ्यानं एक होतो.

"वारा लगीन लावतो व्हय, मास्तर?" कुणीतरी म्हणालं, आणि चावडी पोट धरून हसली. पंचांनी ठरवलं की कडूबाईनं कारभारीच्या बांधावर पाऊल टाकायचं नाही आणि त्याच्या पिकाला हात लावायचा नाही. कारभारीनं कुसळाच्या बाजरीचं ताट दिसेल तिथं मुळासकट उपटायचा सपाटा लावला.

पुढच्या साली बाजरी फुलोऱ्यात असताना मास्तर शाळेतून परतताना कडूबाईच्या वावराशी थांबले. त्यांनी एक कणीस तळहातावर झटकलं. पिवळी धूळ पडली.

"हे बघा, कडूबाई. दाण्याला निम्मं मिळतं ते आईकडून, निम्मं ह्या पिठाकडून. दोन निम्मे मिळून एक पेशी होते, भिंगातूनही दिसायची नाही एवढी. मग एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. आणि दर वेळी आतला मजकूर खडान्‌खडा उतरवून घेतला जातो. कुसळ त्या मजकुरातच लिहिलेलं असतं. तुमच्याकडचं पीठ वाऱ्यानं कारभारीच्या कणसांवर नेलं. त्या साली काही दिसलं नाही. त्याचं बी होऊन उगवलं, तेव्हा दिसलं."

"म्हंजी ती माझ्या बाजरीची पोरं?"

"निम्मी."

कडूबाई खाली मान घालून म्हणाली, "मानसाचंबी असंच आसतं का?"

"असंच असतं."

"निम्मं बाईचं, निम्मं गड्याचं?"

"हो."

"मंग माझ्या घरात कुनाचं निम्मं कमी पडलं, त्ये कुनी पायलं, मास्तर?"

मास्तरांनी हात झटकले. "कुणी नाही पाहिलं, बाई," ते म्हणाले, आणि चालू लागले.

बारा वर्षं तिनं उपास केले होते, काढे प्याले होते, वैदूंच्या कडू पुड्या गिळल्या होत्या. सहादेव बिचारा भला माणूस, रोज पुडी आठवणीनं हातावर ठेवायचा. त्यातली चिमूटभर त्यानं कधी घेतली नव्हती, कारण त्याला घे म्हणून कुणी म्हटलंच नव्हतं. कडूबाई बाजरीत बसून रडली. राग कुणावर करायचा तेही तिला कळेना.

पंचेचाळीस साली दाणा भरायच्या ऐन दिवसांत कारभारीच्या घरात हिवताप शिरला. लहानथोर सगळी गोधड्यांत. माळा रिकामा, गोफण खुंटीला. पाखरांनी पंधरा दिवसांत वावर साफ केलं. कारभारी काठी टेकत वावरात आला तेव्हा ताटांवर नुसत्या सोललेल्या कणसांच्या काड्या होत्या. दाणा राहिला होता तो त्याच्या तावडीतून सुटलेल्या कुसळाच्या कणसांत. घरात बी म्हणून ठेवायला दुसरं काही नव्हतं.

आठ दिवसांनी कारभारीची बायको साळूबाई कडूबाईच्या परसात आली. डोक्यावर पाटी, पाटीत ती कणसं. हात खाजवून लाल झाले होते.

"जाऊबाई, ही मळायची कशी वो? आंगाची लई आग व्हती."

बाजरीबद्दल इतक्या वर्षांत कडूबाईला कुणी पहिल्यांदाच काही विचारत होतं. "आदी उनात कडक वाळीव," ती म्हणाली आणि पाटीकडे हात नेला.

साळूबाईनं पाटी झटकन मागं ओढली. मग तिलाच लाजल्यासारखं झालं. "तुमी हात नका लावू, जाऊबाई. आमच्याच वावरातलं बी हाय म्हनून हे तयार झाले हायती. तुमचा हात लागला म्हंजी पेरू द्येनार न्हाईत. तुमी निस्तं सांगा."

कडूबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि सांगू लागली. वाऱ्याकडं पाठ करून बस. मोगरीनं हळू बडव, जोर नको. कुसळं उडाली की मग पाखड, आन् अंगाला आदी गोडंतेल लाव. सांगता सांगता हात पुढं जायचे, ती पुन्हा आत घ्यायची. हे बी जगणार होतं, या घरात, या घरातून दुसऱ्या घरांत. तिचा जीव सुखावला होता, आणि इतकं एकटं तिला सहादेव गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"दर साली ह्यातलंच ठेव," शेवटी ती म्हणाली. "लेकीसुनांस्नीबी दे."

"देईन की." साळूबाईनं पाटी डोक्यावर घेतली. दाराशी जाऊन ती थबकली, आजूबाजूला कुणी नाही हे बघून हळूच म्हणाली, "आन् कुनाचं बी म्हनून इचारलं, तर काय सांगू?"

"पाखरांचं हाय म्हनावं," कडूबाई म्हणाली.