शिंपडलेलं कार्ड

आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमी. काम एवढंच होतं: दोन ग्राफिक्स कार्डं आळीपाळीनं मशीनला लावायची, तपासायची आणि वकीलसाहेबांच्या मुलानं त्यातलं कोणतं घ्यावं ते कागदावर लिहून द्यायचं.

अकोल्यातल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी अठरा वर्षं काढली. मागच्या खोलीत. मशीन जुळवणं, दुरुस्ती, चाचणी, सगळं माझ्याकडे. मालकाला सगळे भाऊ म्हणतात. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी भाऊ दरवर्षी स्वतःहून म्हणायचे, "बाई, उद्या सुट्टी घ्या." नवमीच्या दुसऱ्या दिवशी दसरा, आमच्या वस्तीचा मोठा दिवस. मला वाटायचं, माणूस जाण ठेवतो. दसरा झाला की मी त्यांच्यासाठी पेढे न्यायची. या वर्षी वकीलसाहेबांना घाई होती. म्हणून नवमीलाच बोलावणं आलं.

मुलगा इमारतींची थ्री-डी चित्रं करतो. त्यानं त्याचं खरं काम पेनड्राइव्हवर दिलं होतं. पहिलं कार्ड नवं, आठ जीबी मेमरीचं, वीज कमी खाणारं. दुसरं एक पिढी जुनं, पण बारा जीबीचं. किंमत जवळजवळ सारखी. गेममध्ये नवं पुढे. लहान चित्रंही त्यानं झटपट काढली. पण मुलानं काढलेली अख्खी वसाहत, झाडं-गाड्यांसकट, त्याच्यावर टाकली की मेमरी भरायची आणि काम मध्येच बंद. तीनदा टाकली, तीनदा पडलं. जुन्यानं तेच काम सावकाश, पण शेवटापर्यंत नेलं. फार तापलंही नाही. मी पडद्याचा फोटो काढला. प्रत्येक चाचणीनंतर काढतेच. कागदावर आकडे लिहिले आणि खाली एक ओळ: खेळायचं असेल तर नवं, या कामावर पोट भरायचं असेल तर जुनं.

वकीलसाहेबांनी काउंटरवर उभ्यानंच कागद वाचला.

"मुद्देसूद आहे हो. आमचे ज्युनिअरसुद्धा असं लिहीत नाहीत. कोणी केलं हे?"

भाऊंनी मला बाहेर बोलावलं.

"शिक्षण?"

"आयटीआय."

"छान, छान. आडनाव काय म्हणालात?"

मी म्हणाले नव्हते. सांगितलं.

"अच्छा."

कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली. मग मी तिथं नाहीच असं धरून भाऊंना म्हणाले, "मशीन आज देवीपुढे पूजेला ठेवायचंय. जुळवण्याचं तेवढं दुसऱ्या कुणाकडून बघा. आमचं काही नाही, पण आईचं सोवळं फार कडक."

कागद चालला. हात चालला नाही.

"काळजी नोका करू साहेब, मीच बसवतो," भाऊ म्हणाले. "बाई, तुमी जरा तिकडं सरका."

सरकले. सरकता सरकता कोपऱ्यात नजर गेली. लाल कापडावर माझी हत्यारं मांडली होती. स्क्रूड्रायव्हर, चिमटे, मल्टिमीटर. सगळी ओली, वर हळदकुंकू. बाजूला गोमूत्राची बाटली आणि तुळशीची डहाळी.

मग कळलं. अठरा वर्षं मी सुट्टीवर असताना इथं काय चालायचं. आधी माझा हात धुऊन काढायचे, मग पूजा करायचे. आणि त्या सुट्टीचे मी पेढे नेत होते.

भाऊंनी ती डहाळी गोमूत्रात बुडवली आणि जुन्या कार्डावर दोन्ही बाजूंनी शिंपडलं. "घ्या साहेब. शुद्ध." तसंच मशीनमध्ये बसवलं.

"भाऊ, चालू करू नका. ओलं आहे ते."

"तुमी चूप बसा न बाई. दोन थेंबानं काय होते?"

बटण दाबलं. पंखे एकदा फिरले. चट्ट आवाज. जळका वास. पडदा काळा.

शेजारचे फ्लेक्सवाले चाचा काही कामानं आले होते. ते बोलून गेले, "अरे भाऊ, पानी छिडक के कौन चालू करता है!" कोणी हसलं नाही. वकीलसाहेबांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी माझ्याकडे.

"सकाळपासून तापवून राहिली होती हे. जुनं कार्ड, किती सोसन?"

"तरी मी म्हणत होतो," वकीलसाहेब म्हणाले. त्यांनीच मजकूर सांगितला, भाऊंनी लिहून घेतला: चाचणी करताना माझ्या हातून कार्ड जळाले.

"सही करा बाई. हिशेबाले लावाचं आहे. पगारातून काई कापत नाई मी. फकत सही."

"नाही केली तर?"

"घरी न्या, इचार करा. सही नसन तर दसऱ्यानंतर येऊ नोका."

बाहेर आल्यावर चाचांना विचारलं, "तुम्ही पाहिलं ना?"

"देखा तो है, बहन. पर मेरी दुकान इसी लाइन में है." मान खाली घालून ते गेले.

मोर्णा नदीच्या पुलावरून चालत घरी आले. जुन्या शहरातली आमची खोली. नवऱ्याचे डोळे गेल्यापासून घरात कमावणारी मी एकटी. या धंद्यातले सगळे एकमेकांना ओळखतात. सही केली तर मी कार्ड जाळणारी बाई. पुन्हा कोणी टेबल देणार नाही. नाही केली तर टेबल आजच गेलं. एकोणपन्नास वर्षांच्या बाईला नवं कोण ठेवतं?

नवरा म्हणाला, "कागदच आहे न तो? करून टाक सही. नाईतं खाचं काय आपण?"

कणीक भिजवली आणि तशीच ठेवून दिली. खोटं कशाला सांगू, पेन हातात घेतलं होतं. नावाचं पहिलं अक्षर लिहूनही झालं होतं. दुकानातल्या प्रत्येक दुरुस्तीच्या चिठ्ठीवर "बिघाडाचे कारण" हा रकाना असतो. अठरा वर्षं तो मी भरला. त्यात कधी खोटं लिहिलं नाही. गिऱ्हाईक चिडलं तरी नाही. फोनमधला सकाळचा फोटो काढून पाहिला. काम पूर्ण, कार्ड धडधाकट. माझ्या हातानं ते जळलं नव्हतं. माझा विटाळ धुताना जळलं होतं.

ते एक अक्षर मी खोडलं. कागद फाडला नाही. तो पुरावा होता.

सकाळी वस्तीतल्या बायका पांढरी लुगडी नेसून विहाराकडे निघाल्या. मीही पांढरंच नेसले. नवऱ्याला जेवायला वाढलं, माझा डबा भरला आणि पोलीस ठाण्यात गेले.

"दसऱ्याच्या दिवशी काय तक्रार आणली बाई?" हवालदार म्हणाला. मी सहीचा कागद पुढे केला, तो त्यानं वाचला. "कार्ड जळलं, त्याची?"

"नाही. ते ओलं काहून केलं, त्याची."

काय झालं ते सगळं सांगितलं, दोघांची नावंही. "वकील आहेत ते. समजते न तुमाले?"

"समजते. लिहून घ्या."

"साहेब नाईत. संध्याकाळी येतीन. नाईतं उद्या या."

बाकड्यावर जागा होती. डबा मांडीवर घेऊन बसले. लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही, एवढं ठरवूनच आले होते.