चुलीचा तिसरा दगड

बोरी बुद्रुकच्या हिराला तोंड आवरायची सवय नव्हती आणि तिच्या सासूला, म्हाळसाबाईला, ऐकून घ्यायची. आता अशा दोघी एका छपराखाली नांदल्यावर भांडणं कमी झाली असती तरच नवल. त्यांच्या भांडणाला मूळ एकच होतं. म्हाळसाबाईचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. आज या रानात पाल, उद्या त्या रानात. पोरांच्या शाळेपायी हिरानं नवऱ्यामागं भुणभुण लावली आणि दादाभाऊनं कळप विकून बंद बॉडीचा एक जुना टेम्पो घेतला. नारायणगावच्या बाजारातली टोमॅटोची भाडी तो मारू लागला. घर सावरलं, पण म्हातारीनं सुनेला काही माफ केलं नाही. दारात टेम्पो उभा दिसला की तिच्या जिभेला धार चढायची.

नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात एकदा हिराचा तोल गेला. अंगणात उभी राहून ती सासूला म्हणाली, "लई मेंढरं मेंढरं करू नका आत्या. येक दिस ह्याच गाडीत घालीन आन् घाटात सोडून दीन."

नळावर पाच-सात बाया होत्या. सगळ्यांनी ऐकलं. जिभेला हाड नसतं, पण गावाला कान असतात. त्यानंतर पावसाळ्यात म्हाळसाबाईला लकवा मारला, उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. तेव्हा गावाला कुणी काही सांगायची गरजच उरली नाही. दादाभाऊची थोरली बहीण सरूबाई पिंपळवंडीला दिलेली. ती भेटायला आली आणि हिराकडं बघून एवढंच बोलली, "आता घरात शांतता असंल."

हे हिराला फार लागलं. आणि खरं सांगायचं, तर म्हातारीचं ते मुकं पडून राहणंही तिला सोसवेना. भांडायला समोर कुणी नाही म्हटल्यावर तिला स्वतःचंच घर परक्याचं वाटायला लागलं.

शिवनेरीवर शिवाईची ओटी भरायचा म्हाळसाबाईचा जुना नवस राहिला होता. हिरानंच तो विषय काढला. दिवाळी उलटल्यावर दादाभाऊनं टेम्पो धुऊन काढला, आत बाज बांधली, हिरानं जुन्या लुगड्यांचे पडदे केले. पाण्याचा कॅन, स्टोव्ह, पिठाचा डबा, गोधड्या, सगळं आत गेलं. चांगलं फिरतं बिऱ्हाडच झालं. मागची दोन्ही दारं उघडी ठेवली की बाजेवर टेकून बसलेल्या म्हातारीला सगळा रस्ता दिसायचा. पोरांना पिंपळवंडीला सोडून तिघं निघाली.

पहिल्या दिवशी नारायणगावचा बाजार झाला. शेवेची पुडी आणि हिरव्या बांगड्या घेतल्या. मुक्काम जुन्नरच्या अलीकडं ओळखीच्याच्या शेतात पडला. सकाळी जुन्नरच्या आठवडे बाजारात म्हातारी डाव्या हातानं पडदा सारून मेंढरांच्या बाजाराकडं बघत राहिली. तिचा डावा हात चांगला चालायचा. जेवण, पाणी, डोक्यावरचा पदर, सगळं ती त्याच हातानं करायची आणि कुणी मदत केलेली तिला खपायची नाही. तिची मान हलताना पाहून हिराला लई दिवसांनी बरं वाटलं.

गडाच्या पायथ्याला चढणीवर दादाभाऊनं गाडी कडेला घेतली. तोंड वर चढाकडं, पाठ खाली वळणाकडं. वळणाच्या पलीकडं उतार सरळ दरीत गेलेला. हँडब्रेक झिजलेला होता, म्हणून त्यानं गाडी गिअरमध्ये ठेवली आणि सवयीप्रमाणं मागच्या चाकामागं दगड लावला. मग तो पायऱ्यांकडं गेला. म्हातारीला खुर्चीत बसवून वर न्यायला चार गडी बघायचे होते.

इकडं हिराला निवद करायचा होता. आता देवीचा निवद काही घासलेटच्या स्टोव्हवर करत नाहीत. त्याला नवी चूल लागते, काटक्यांचा जाळ लागतो. आणि मेंढरांमागं फिरलेल्या बाईला नव्या जागी चूल मांडायला सांगावं लागत नाही. जागा बघितली की तिचे डोळे आपोआप तीन दगड हुडकतात. दोन दगड तिला लगेच मिळाले. तिसरा मिळेना. सगळे एक तर गोल, नाहीतर ठिसूळ. तेवढ्यात तिला चाकाजवळ एक चांगला बसकट काळा दगड दिसला.

तिनं हात घातला. दगड सहज हातात आला. गाडीचा भार गिअरवर होता, चाक अजून दगडावर टेकलेलंच नव्हतं. चाकाखालचा दगड इतका सहज निघत नाही, तेव्हा हा नुसताच पडलेला असणार, असं तिला वाटलं. वाटलं म्हणण्यापेक्षा तिनं विचारच केला नाही. तिच्या डोक्यात फक्त चूल होती.

दगड घेऊन ती सरळ उभी राहिली, तर उघड्या दारातून म्हातारी तिच्याकडंच बघत होती. तिनं डावा हात उचलला आणि घशातून आवाज काढला, "आं... आं..."

"आले आत्या," हिरा म्हणाली. "निवद तेवढा चढू द्या, मंग पानी देते."

म्हातारी ओरडतच राहिली. हिरा चूल पेटवत राहिली.

दादाभाऊ गडी ठरवून आला. गाडी पायऱ्यांच्या आणखी जवळ न्यायची होती. बॅटरी मेलेली, धक्का दिल्याशिवाय गाडी सुरू होत नसे. धक्का द्यायचा तर गाडी गिअरमधून काढायला हवी. त्यानं खाली उभ्यानंच दारातून आत हात घातला, गिअर काढला आणि गड्यांना हाक मारायला वळला. चाकामागं दगड आहे, हे तो स्वतःच्या नावाइतकं धरून चालला होता.

गाडी मागं सरकली. आधी इतकी हळू, की हिराला वाटलं तिला भोवळच येतेय. मग चाक फिरलं. उघड्या दारातून तिला म्हातारीचं तोंड दिसत होतं आणि ते वळणाकडं चाललं होतं. हिरा धावली. मागच्या फळीला कडेनं हात लावले, पण ते हात कुणाला अडवणार होते? दादाभाऊ पळत जाऊन दाराला लोंबकळला, एक पाय घासत गेला, आत हात घालून त्यानं स्टेअरिंग डोंगराकडं ओढलं. दरी एका चाकाच्या अंतरावर राहिली असेल. गाडीचं बूड फिरलं, डोंगराकडच्या चरीत उतरलं आणि दरडीवर आदळलं. आतली भांडी खडखडली. मग काहीच ऐकू येईना.

म्हातारी बाजेवरून खाली पडली होती. जिवंत होती. फक्त डावा हात अंगाखाली दुमडला होता. तोच, चांगला.

गडी तिला बाहेर काढत होते, दादाभाऊ तिच्या पायाशी बसला होता. त्या गडबडीत हिरा चुलीशी गेली. तिनं निवदाचं भांडं लाथेनं उलथं केलं, तिसरा दगड तापलेला असतानाच पदरात धरला आणि चरीत टाकून दिला. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिच्या कानात नळावरच्या बाया बोलत होत्या. ह्याच गाडीत घालीन, घाटात सोडून दीन. चूक झाली म्हणून सांगायला जावं, तर कोण म्हणणार होतं तिला चूक? सासूला मारायला निघाली म्हणून त्याच दिवशी तिचं गाठोडं माहेरी गेलं असतं. पोरं इथं, ती तिथं.

ओटी तशीच राहिली.

घरी आल्यावर दादाभाऊ खचला. हाताला प्लास्टर घालून म्हातारी बाजेवर, आणि लेक तिच्या उशाशी. "म्या दगड लावला व्हता का गं?" तो हिराला विचारायचा. "लावला व्हता असं वाटतं. पर मंग गेला कुटं? माझ्याच आईला म्या..." पुढं त्याला बोलवायचं नाही. हिरा म्हणायची, "जेवा आधी." दुसरं काय म्हणणार? टेम्पो दुरुस्त होऊन आला, पण त्याला हात लावला की दादाभाऊला घाम फुटायचा. शेवटी त्यानं गाडी विकायला काढली. हिराला तोंड उघडावंसं वाटे. तिनं उघडलं नाही, आणि दर दिवशी ते आणखी अवघड होत गेलं.

त्यात म्हातारीला भरवायचं काम तिच्याकडं. दोन्ही हात गेलेली ती बाई समोर बसून सुनेच्या हातचा घास घ्यायची आणि टक लावून बघायची. तिनं सगळं पाहिलं होतं. ओरडून सांगितलंही होतं. आणि आता तिची वाचा परत येत होती. एके सकाळी ती "पानी" म्हणाली, तेव्हा दादाभाऊ पोरासारखा रडला आणि हिरा उठून चुलीपाशी गेली. मग "दादा" आलं. मग "ऊन". प्रत्येक नव्या शब्दाला घर पेढा खाल्ल्यासारखं हसायचं आणि हिरा मनात म्हणायची, आता पुढचा तोच.

संक्रांतीला सरूबाई आली. त्याच दिवशी दुपारी पिंपळवंडीचा भगवंत गाडी बघायला आला. ओट्यावर चहा झाला. हिरा आत म्हातारीला भाकरी कुस्करून भरवत होती.

"दगूड," म्हाळसाबाई म्हणाली.

हिराचा हात जागीच थांबला. सरूबाई दारातून आत आली. "काय म्हनतीस आये?"

"दगूड. चाकाचा." म्हातारीला एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. दादाभाऊ बाहेरून उठून आला, त्याच्यामागं भगवंत. सगळे उभे. "चुलीला... घेतला. हिरीनं."

हिरानं डोळे मिटले.

"म्या... घ्यायला सांगितला."

"आगं, तू सांगितला?" सरूबाई म्हणाली. "तुजी तर वाचा गेली व्हती तवा."

म्हातारीनं दम घेतला. प्लास्टरच्या तोंडातून बाहेर आलेली बोटं तिनं कशीबशी उचलली. "दावला," ती म्हणाली.

दादाभाऊ मटकन खाली बसला. "म्हंजी दगड लावला व्हता म्या," तो म्हणाला, आणि तेच पुन्हा म्हणाला. मग भगवंताकडं वळून, "पावणं, राग मानू नका. गाडी न्हाई इकायची."

"आये, वेड लागलं व्हतं का तुला?" सरूबाई आईवर ताडताड बोलायला लागली. "चाकाचा दगूड दावतीस? सोता मेली असतीस आन् पोराला आयुष्यातनं उठवलं असतंस." म्हातारी खाली मान घालून ऐकत राहिली. जन्मात कुणाचा शब्द ऐकून न घेतलेली ती बाई.

हिराला ते बघवेना. पोटात इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. "वन्सं, त्यांस्नी बोलू नका," ती म्हणाली. "त्यांनी न्हाई दावला. म्या काढला, माझ्या हातानं. त्या तर नगं नगं म्हनून वरडत व्हत्या. मला कळलं न्हाई. मंग म्या भिऊन दगूड चरीत टाकला आन् गप बसले."

सरूबाई तिच्याकडं बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हिरे," ती म्हणाली, "म्हातारीची चूक अंगावर घेतीस व्हय? आन् म्या तुला काय काय बोलले."

"आवं खरंच म्या..."

"बास. दादा, बघ रं. हिच्या तोंडावर जाऊ नगं, अशी सून साऱ्या बोरीत न्हाई गावायची." दादाभाऊनं मान हलवली. भगवंतानंही हलवली, म्हणजे उद्या ही गोष्ट पिंपळवंडीलाही पोचणार.

हिरानं आणखी एकदा सांगून पाहिलं. जितकं सांगावं तितकी सरूबाई गहिवरत होती. आता हे कौतुक जन्मभर आपल्याला ऐकावं लागणार, हे हिराच्या ध्यानात आलं, आणि शिव्या यापेक्षा हलक्या गेल्या असत्या असं तिला वाटलं. तिनं सासूकडं पाहिलं. म्हाळसाबाई तिच्याकडंच बघत होती. तिनं पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.

हिरानं भाकरीचा काला उचलला आणि तिला भरवला.