तक्रार कॉफीची नव्हती

आमच्या ऑफिसात भेदभावाच्या तक्रारी ऐकायला समिती नेमायची ठरली, तेव्हा साहेबांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. कारण काय, तर मी रायर. तंजावुरात मराठी बोलणाऱ्या घरांना सगळे रायर म्हणतात. "तुम्ही ना यांच्या नात्यातल्या, ना त्यांच्या," साहेब म्हणाले. "पक्षपाताचा आळ यायला जागाच नाही." राजवाड्यामागच्या गल्लीत आमच्या किती पिढ्या गेल्या कुणास ठाऊक, तरी आम्ही अजून पाहुणेच.

घरी सांगितलं तर नवरा हसत सुटला. "ऑफिसांतली अस्की, एकूण एक भांडणं आतां तुज्याकडे येणार! आणि तूं घरांत करतीस तें कोण सोडवायचं?"

माझं डोकं लवकर तापतं, हे मला मान्य आहे. पण समितीत बसायचं म्हणून मी ठेवणीतली सुती साडी काढली आणि चेहराही तसाच इस्त्री केलेला ठेवला. समितीची अध्यक्ष दुसऱ्या ऑफिसातली एक बाई होती, शांत आणि कमी बोलणारी. तिसरे आमचेच एक हेडक्लार्क, जे कुठल्याही वादात 'दोघांचंही बरोबर आहे' एवढंच म्हणतात.

पहिलीच तक्रार आली ती आमच्या धाकट्या क्लार्क मुलीची. पापनाशमहून रोज बसने येणारी, परीक्षा देऊन नोकरीला लागलेली, कामात चोख. जमिनीचे कागद द्यायच्या खिडकीवर ती बसायची. तिच्या दोन्ही हातांवर आणि एका गालावर कोडाचे डाग आहेत. एके दिवशी खिडकीशी आलेल्या एका माणसाने तिच्या हातून कागद घ्यायला नकार दिला आणि "दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगा" म्हणून गलका केला. साहेबांनी त्या माणसाला दटावायचं सोडून मुलीलाच मागच्या रेकॉर्डच्या खोलीत बसवलं. 'तिला लोकांचा त्रास नको', असं त्यांचं म्हणणं. त्या खोलीत जुने गठ्ठे, पाली आणि एक कुरकुरणारा पंखा. मुलीने लेखी तक्रार दिली की मला माझी खिडकी परत द्या. मागणी एवढीच होती, आणि तीही दोन ओळींत.

सुनावणीला साहेब अगदी ऐसपैस बसले. "आमच्या ऑफिसात भेदभाव? अहो, आम्ही सगळे एका घरातले," असं ते सांगत होते, तेवढ्यात कॅन्टीनची अम्मा कॉफी घेऊन आली. तंजावुरात कॉफी पितळी किंवा स्टीलच्या पेल्यात येते, खाली वाटीसारखा डबरा. या भांड्यातून त्या भांड्यात ओतत, फेस काढत प्यायची. अम्माने आम्हा चौघांपुढे चार पेले ठेवले आणि मुलीपुढे कागदी कप.

हेडक्लार्कांनी टेबलाकडे पाहिलं, टेबलाने त्यांना काही मदत केली नाही. अध्यक्षबाईंनी विचारलं, "हिला कागदी कप का?"

अम्माने साहेबांकडे पाहिलं. "सार, तुम्हीच तर सांगितलंत."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी संतापही आला. कोड काही लागत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मी ते मोठ्याने म्हणाले, जरा जास्तच मोठ्याने. साहेब घाम पुसायला लागले आणि सुनावणी पुढच्या आठवड्यावर गेली.

साहेब माणूस दुष्ट नाहीत. चूक झाली की ती घाईघाईने भलतीकडे दुरुस्त करायची, ही त्यांची खोड. दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला: समानतेच्या दृष्टीने यापुढे सर्वांना कागदी कप. झालं! ऑफिसात सुतक पडलं. फेस कशात काढायचा? बोटं पोळतात त्याचं काय? पगारवाढ अडली तेव्हा गप्प बसलेली माणसं आता बाह्या सरसावून साहेबांच्या दारात उभी राहिली. काहींनी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन मुलीलाही ऐकवलं, की बाई, तुझ्यापायी आम्हा सगळ्यांना शिक्षा. ती मान खाली घालून गठ्ठे बांधत राहिली.

कागदी कप फार टिकले नाहीत. साहेब स्वतः सकाळी दोन पेले कॉफी घेतल्याशिवाय फाइल उघडत नाहीत. नवा हुकूम निघाला: सर्वांना स्टीलचे पेले, सर्वांना म्हणजे सर्वांना. मुलीसाठी नवा कोरा पेला आणि डबरा आणला गेला. साहेबांनी स्वतःच्या हाताने तो तिच्यापुढे ठेवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आमच्या तंजावूरकरांचं हे असंच आहे. कॉफीचं नीट झालं की जगाचं नीट झालं असं आम्हाला मनापासून वाटतं.

पुढच्या सुनावणीला कागद तयारच होता: तक्रारीचे निवारण झाले, प्रकरण बंद. हेडक्लार्कांनी सही केली. मी पेन उघडलं. अध्यक्षबाईंनी रीत म्हणून मुलीला विचारलं, "तुझं समाधान झालं ना?"

"मॅडम, मी कॉफी पीत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कधीच पीत नाही. पित्त होतं. अम्मा ठेवायची, मी बेसिनमध्ये ओतायची." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अक्का, मी तक्रार कॉफीची केलीच नव्हती. मला माझी खिडकी पाहिजे."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, ही म्हण माझी आई नेहमी वापरायची. रामेश्वर आमच्यापासून तसं लांब नाही, तरी आमचा बंब चुकला होता.

साहेब म्हणाले, "अगं, आत निवांत आहेस. तुझ्याच भल्यासाठी..."

"सार, माझ्या भल्यासाठी घरीही हेच करतात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझ्या थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे आले की आई मला शेजारी पाठवायची. पाहुणे गेले की हाक मारायची. म्हणून मी शिकले. जिथे चार लोक समोर येतात, अशी जागा मिळवली. आता इथेही मला मागेच बसायचं असेल, तर शेजारचं घर काय वाईट होतं?"

मला भडभडून आलं. इस्त्री केलेल्या चेहऱ्याचा तिथेच बोळा झाला. मी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, मी सही करणार नाही, फेकून द्या तो कागद. हेडक्लार्क आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "हिचंच बरोबर आहे," आणि आपल्या सहीवर त्यांनी आडवी रेघ ओढली. अध्यक्षबाईंनी निर्णय लिहिला: मुलीला खिडकी परत द्यावी. तिच्या हातून कागद नको असलेल्याने रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा यावे, खिडकीवर तीच असेल. हे दुसरं वाक्य त्यांनी साहेबांकडून मोठ्याने वाचून घेतलं.

सोमवारी ती खिडकीवर बसली. तिरुवैयारुचे एक आजोबा जरा घुटमळले, रांगेची लांबी पाहिली आणि मुकाट्याने कागद घेतले. बाकी कुणी काही बोललं नाही. मी माझ्या टेबलावरून उगाचच तिकडे बघत होते.

दुपारी रांगेत एक बाई दिसली. हातात कागद नाही, फाइल नाही, नुसती कापडी पिशवी. तिचा नंबर आला तशी मुलगी दचकली. मग ऑफिसच्या आवाजात म्हणाली, "काय काम आहे, अम्मा?"

"काम काही नाही," बाई म्हणाली. "तू बसलेली बघायला आले."

मागचा माणूस वैतागला. काम नाही तर रांग कशाला अडवलीत, असं त्याने विचारलं. बाई मागे वळली. सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिने सांगितलं, "ही माझी धाकटी मुलगी."

मग ती बाजूला झाली आणि भिंतीशी बाकावर जाऊन बसली, ऑफिस सुटेपर्यंत.