उन्हात ठेवलेलं पाणी

भूकंपात किल्लारीजवळचं आमचं घर पडलं, विहीर तेवढी राहिली. तिचं पाणी टँकरनं नेऊन मी लातुरात शिकवणीच्या मुलांचं वसतिगृह चालवलं. पुढं दुष्काळात शेजाऱ्याला सरकारी शेततळं मिळालं. ते पावसानं भरायचं असतं. त्यानं बोअर मारून भरलं आणि माझी विहीर आटली.

पाहणीला आलेले साहेब खूश झाले. "एवढ्या उन्हाळ्यातही तळं भरलेलं!"

मी भडकलो. "साहेब, हे माझ्या विहिरीचं पाणी हाय. उन्हात वाळत घातलंय यानं!"

शेजारी हसला. "पाण्यावर नाव लिवलंय का, शेठ?"

शेवटी त्याच्याकडंच पाणी विकत मागितलं, भावावरून घासाघीसही केली. तो न्हाई म्हणाला. लातुरात परतलो, तर पाण्यावाचून वसतिगृह सोडून निघालेली पोरं ट्रंका खाली उतरवत होती. आता घासाघीस कुणासाठी करायची?