झुलपेदादा आणि नटाची टाकी

तर झुलपेदादाच्या सलूनमधल्या त्या अर्ध्या मिशीच्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगायची राहिलीच होती. डावी बाजू उतरली, उजवीला वस्तरा लागणार तोच सलूनच्या टीव्हीवर सिनेमातला एक गाजलेला नट भरघोस मिशी घेऊन प्रकटला. गिऱ्हाईक ताडकन उठलं. उरलेली अर्धी मिशी वाचली खरी, पण दुसरी उगवेपर्यंत बिचारा तोंडाला रुमाल बांधून हिंडला. कुणी विचारलं तर दाढ दुखते म्हणायचा.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही ही. झुलपेदादाचं सलून चाललं ते याच नटाच्या जिवावर. ऐन तारुण्यात नटानं कपाळावर झुलपं आणली, तेव्हा ती सगळ्या गावात एकट्या दादालाच कापायला जमायची. नाव पडलं ते तेव्हा. पुढं नटानं मधून भांग पाडला, गावानं पाडला. नटानं तुळतुळीत गोटा केला, तर बँकेचा मॅनेजरसुद्धा गोटा करून आठवडाभर टोपीत बसला. नट शिंकला की गावाला पडसं. दादानं उभा जन्म हेच पाहिलं, आणि घोटाळा झाला तो इथंच.

म्हातारपणी त्या नटानं एका मुलाखतीत सांगितलं, मेल्यावर मला पुरू नका, जाळू नका. एक कंपनी आहे, ती अंग भयंकर थंड टाकीत ठेवते. पुढं कधी शास्त्राला जमलं तर उठवतील. आजवर एकालाही उठवलेलं नाही, हेही त्यानंच सांगितलं, पण तेवढं ऐकतो कोण?

सलूनमध्ये मग दुसरा विषय नाही. मागं कुणा शास्त्रज्ञाची अशीच बातमी आली होती, तेव्हा हीच मंडळी म्हणाली होती, डोकं फिरलंय त्याचं. आता तीच मान डोलावू लागली, एवढा मोठा माणूस उगाच का करेल? शिंप्याला काळजी, की टाकीतून उठल्यावर सर्दी किती दिवस टिकेल. किराणावाला म्हणे, सासूला ठेवायचं बघतो, फक्त उठवायचं कलम वगळा. डॉक्टर साबणाच्या फेसातून पुटपुटले, की मेलेलं माणूस मेलेलंच असतं. त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. त्यांचे केसही कायम जुन्याच पद्धतीचे असायचे.

दादा ऐकत होता. सगळ्या गावाच्या डोक्यावरून हात फिरवणारा हा माणूस स्वतःचे केस घरी दोन आरसे समोरासमोर ठेवून कापायचा. बायको केव्हाच वारली होती, पोरबाळ नव्हतं. खुर्चीत बसलेला प्रत्येक जण आरशात बघून आपलं गाऱ्हाणं ओतायचा आणि मानेवरचे केस झटकले की चालू लागायचा. दादाला वाटलं, नट टाकीत चाललाय म्हणजे आज ना उद्या गावही चाललं. मग आपणच का मागं राहायचं?

त्यानं कंपनीला फोन लावला. टाकीत ठेवण्याआधी केस कापता का, हेही विचारून घेतलं, कापत नसाल तर आमच्या गावापुरतं मी बघतो म्हणाला. पलीकडच्या माणसानं केसांचं पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, नाव नोंदवून घेतो, पण रक्ताच्या नात्यातल्या एकाची संमती हवी. नाहीतर ऐन वेळी घरचे आडवे येतात.

मग दादा एकेकाला विचारू लागला, गालावर तुरटी फिरवता फिरवता, अगदी सहज. काय, येणार ना? शिंपी म्हणाला, हिला विचारून सांगतो. किराणावाल्याला दुकान कोण बघणार हा प्रश्न पडला. मॅनेजर म्हणाला, अहो दादा, गोटा केला तर केस परत येतात, इथं कसली खात्री? हळूहळू दादाच्या डोक्यात उजेड पडला. गाव नटाच्या मागं जातं ते खुर्चीपर्यंतच. टाकीपाशी तो एकटाच उरला होता.

तरी त्यानं माघार घेतली नाही. संमतीसाठी थोरल्या बहिणीला कळवलं. एरवी गुडघ्यांचं निमित्त सांगून टाळणारी ताई दुसऱ्याच दिवशी बसनं येऊन दाखल झाली. दादानं सलूनचं शटर अर्धं ओढलं. ताई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि तो सवयीनं तिच्या मागं उभा राहिला. तिनं आधी चांगली खरडपट्टी काढली. नटाचं काय, तो उठला तर लोक डोक्यावर घेऊन नाचतील. तू कोण लागून गेलास? बोलता बोलता तिचा आवाज खाली आला.

"बरं, देते संमती. पण एक सांग. समज, उठलास. मी नाही, तुझी बायको नाही, गावातलं ओळखीचं एक कुत्रंसुद्धा नाही. काय करशील रे तिथं एकटा?"

दादानं आरशातून तिच्याकडं पाहिलं.

"ताई, इथं मला सगळे ओळखतात, म्हणून कुणी काही विचारत नाही. तिथं मला कुणीच ओळखणार नाही. एखादा तरी म्हणेल, 'तू कोण रे बाबा? बस जरा, सांग.'"